मुलाच्या हातून मोडले, तर भरून कोणी द्यावे?
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यात एक वाद निघाला होता, तो सर्वांना आठवत असेल. मुलाच्या हातून खेळता खेळता मित्राची वस्तू मोडली, तर आईबापांनी ती भरून द्यावी की नाही? निम्म्या जणी म्हणाल्या, द्यावी. निम्म्या म्हणाल्या, मुद्दाम केले नसेल तर पैसे कसले? तिळगूळ हातात घेऊन आपण चांगल्या तासभर भांडलो. तेव्हा अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही एकट्याच गप्प होता. पुढच्या सभेत तुम्हीच बोला." मी गप्प होते याला कारण होते. तेच आज सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा धाकटा तेव्हा दहा वर्षांचा होता. आळीत पकडापकडी चालली होती. पळता पळता तो मित्रावर आदळला, मित्राचा चष्मा खाली पडला आणि आमच्या चिरंजिवांचा पाय नेमका त्यावर पडला. एक काच तडकली, काडी तुटली. रात्री जेवताना त्याने मला हे सांगितले. महिनाअखेर होती, डब्यात पैसे थोडेच होते. मी म्हणाले, "खेळताना असे व्हायचेच. तू काही मुद्दाम केले नाहीस. जेव मुकाट्याने." मनात म्हटले, त्याची आई मागायला आलीच तर बघू. पण त्या वहिनी स्वभावाने भिडस्त. त्या आल्या नाहीत, आणि बरे झाले म्हणून मीही गप्प बसले.

पंधरा दिवसांनी शाळेत पालकांची सभा होती. जाता जाता वर्गात डोकावले. तो मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तडकलेल्या काचेतून मान वाकडी करून फळा वाचत होता. माझ्या पोटात कालवले. घरी येऊन मी मुलाला विचारले, "हल्ली तू त्यांच्याकडे खेळायला का जात नाहीस?" तो खाली बघून म्हणाला, "दार काकू उघडतात. मला लाज वाटते."

भगिनींनो, मला वाटत होते की मुलाला पाठीशी घालून मी त्याचे ओझे उतरवले. प्रत्यक्षात मी माझे पैसे वाचवले होते आणि ओझे त्याच्याच डोक्यावर ठेवले होते.

त्याच संध्याकाळी त्याला बरोबर घेऊन मी वहिनींकडे गेले. आधी त्याने चूक सांगितली, मग मी माझी सांगितली. वहिनींनी सरळ हिशेब केला. म्हणाल्या, "त्याचा नंबर बदललाच आहे, तेव्हा काचा आम्ही घालू. फ्रेमचे सहाशे सांगितलेत, ते तुम्ही द्या." मी तीनशे त्या दिवशी दिले, उरलेले पहिल्या तारखेनंतर. त्यांतले पन्नास माझ्या मुलाने दिवाळीच्या ओवाळणीतून साठवलेल्या गल्ल्यातून काढून दिले. आमचा चहा होईपर्यंत दोघे पोरगे खाली खेळायला पळालेसुद्धा.

यावरून मला जे उमगले ते सांगते. दोष वेगळा आणि नुकसान वेगळे. लहान मुलाला कायदाही दोष देत नाही. १८६० च्या दंडसंहितेत सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा धरीत नसत, आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यातही तसेच आहे. पण गुन्हा नाही म्हणून दुसऱ्याच्या घरचा चष्मा काही जोडला जात नाही. त्याचा भुर्दंड कोणाला तरी पडतोच. मग ज्यांचे काहीच चुकले नाही त्यांनी तो का सोसावा?

म्हणून विचारायला आपण आपल्या पायांनी जावे, आणि मुलाला बरोबर न्यावे. पण त्याला मारू नये. आज खरे सांगितले म्हणून मार बसला, तर उद्या तो मोडलेली वस्तू लपवील. त्याच्या गल्ल्यातले थोडे तरी घ्यावे, म्हणजे वस्तूला मोल असते हे त्याला कळेल.

ज्यांची वस्तू मोडली त्यांनाही माझे सांगणे आहे. दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीचे घ्यावे. चार वर्षे वापरलेल्या सायकलीच्या बदल्यात कोरी सायकल मागू नये. फुटकी पाण्याची बाटली किंवा मोडलेली पट्टी असेल तर "राहू द्या" म्हणावे. आणि पंधरा हजारांचा मोबाईल आपणच पोराच्या हाती देऊन खेळायला धाडला असेल, तर त्या नुकसानीत आपलाही वाटा आहे हे मनाशी कबूल करावे. चार घरची धुणीभांडी करून मुले वाढवणाऱ्या बाईकडून ती रक्कम वसूल करणे माणुसकीला धरून नाही. तिने येऊन विचारले, यातच तिची बाजू पुरी झाली. मात्र ऐपत असणाऱ्याने याचा आडोसा घेऊ नये. मी महिनाअखेरीचा घेतला होता, म्हणून सांगते.

लोकमान्य टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. शेंगा खाल्ल्या नाहीत, तर टरफले का उचलावी? अगदी बरोबर. पण त्या गोष्टीची दुसरी बाजू आपण सांगायला विसरतो. ज्याने खाल्ल्या, त्याने आपणहून उठून उचलावी.

द्यावे की न द्यावे, या वादाचे माझ्यापुरते उत्तर असे आहे: देऊ करणे हे आपले काम, किती घ्यायचे किंवा घ्यायचेच नाही हे समोरच्याचे काम. दोघींनी आपापले केले तर भांडण उरत नाही. मी पंधरा दिवस उशीर केला. तेवढे दिवस एका मुलाला फळा नीट दिसला नाही आणि दुसऱ्याला मित्राच्या दारात जाववले नाही. आपणांपैकी कोणाकडे असे काही राहून गेले असेल, तर आज घरी जाताना त्या दारावरून जावे, एवढीच विनंती करून मी खाली बसते.