दोन फुटांची गाडी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



रिटायर झाल्यावर काय करतोस, असं सकाळपासून सगळे विचारताहेत. नात सांभाळतो. तिच्यामुळे या वयात माथेरानच्या गाडीत बसलो, तेवढंच सांगतो.

तुम्हाला आठवत असेल, मी बदनापूरहून गाडीने शाळेत यायचो. तेव्हा आपली लाईन मीटरगेज, निजामाच्या काळातली. शर्टावर कोळशाचे कण घेऊनच पहिल्या तासाला बसायचो. वडील त्याच लाईनवर गँगमन. त्यांना पास मिळायचा, पण तो लागायचा लग्नाला नाहीतर मयतीला. नुसतं फिरायला म्हणून गाडीत बसावं, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नाही. मीही तोच वसा चालवला. मुलगा तिसरीत असताना म्हणालो होतो, "पहिला नंबर आण, माथेरानच्या छोट्या गाडीत बसवतो." त्याने नंबर आणला. मी ऑफिसच्या मार्चएंडमध्ये अडकलो, मग मे गेला, मग त्याचे क्लास लागले.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे डोंबिवलीला होतो. रात्री जेवताना म्हणाला, "अण्णा, उद्या माथेरान." पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

पहाटेच्या कर्जत लोकलने नेरळला उतरलो. नात सव्वादोन वर्षांची, आणि तिची पिशवी तिच्याहून मोठी. हिने धपाटे आणि मुगाच्या खिचडीचा डबा घेतलेला. खिडकीवर रांग होती, पण तिकिटं मिळाली.

सर, भूगोलाच्या तासाला तुम्ही मला विचारलं होतं, नॅरोगेज म्हणजे काय? मी "अरुंद" म्हणालो आणि बाकावर उभा राहिलो. आज उत्तर आणलंय. माथेरानच्या दोन रुळांमधलं अंतर दोन फूट. आपल्या बार्शी लाईटचं अडीच. ती बार्शी लाईट काढणारे कॅलथ्रॉप साहेब, त्यांच्याच आराखड्यावर माथेरानची जुनी वाफेची इंजिनं बनली. पैसा घातला आदमजी पीरभॉय यांनी. १९०४ ला काम सुरू झालं, १९०७ ला गाडी धावली. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले, ते नीट होऊन नेरळहून गाडी सुटायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. एकवीस किलोमीटरला अडीच तास लागतात. जवळपास तेवढ्याच अंतराला बदनापूर-जालना गाडी अर्धा तास घ्यायची आणि आम्ही तिला शिव्या द्यायचो!

लेकराला यातलं काही नको होतं. डोंगर नको, दरी नको. खिडकीची कडी तेवढी हवी होती. ती वर करायची, खाली करायची. जुम्मापट्टीपर्यंत हेच. मग रडणं सुरू झालं, तेव्हा समोरच्या गुजराती आजींनी खाकरा दिला आणि डबा शांत झाला. 'वन किस टनेल' आला. त्या लाईनवरचा एकुलता एक बोगदा, तोही नावापुरता. मुलगा आणि सूनबाई एका खिडकीबाहेर बघू लागले, मी माझ्या बुटांकडे.

पुढच्या वळणावर एक ट्रॅकमन हातोडा घेऊन रुळाबाजूला उभा होता. नातीने टाटा केला. त्याने हातोडा डाव्या हातात घेतला आणि उजवा वर केला. गाडी इतकी हळू, की बराच वेळ दोघांचं चाललं होतं.

मुलगा म्हणाला, "आजोबा असेच उभे राहायचे ना?"

"हो," म्हणालो. जरा थांबून म्हणालो, "तिसरीतलं राहिलं होतं रे."

"अण्णा, हिला धरा आधी. फार वाकतेय."

धरलं.

माथेरानला मोटारी नाहीत, त्यामुळे पोरीला मोकळं सोडता आलं. लाल मातीत बसून तिने दोन तास काढले. पॉइंट बिइंट आम्ही पाहिलेच नाहीत. परतताना अमन लॉजला उतरायचं म्हटलं, तर बाई खाली येईनात. उचलून आणावं लागलं.

मे महिन्यात ती जालन्याला येणार आहे. पॅसेंजरने बदनापूरला नेऊन आणायचा बेत आहे, काम काहीच नाही. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच हात वर करा. सर, तुमचं तिकीट माझ्याकडे.