वाकळीवरची झूल
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



आम्ही तिघी जावा. व्यासपीठावरून बोलण्याची सवय तिघींपैकी एकीलाही नाही. पण "घरी वाकळ शिवता, तर तिच्याविषयी चार शब्द सांगा," असा कार्यवाहांचा आग्रह झाला आणि तो आम्हांला मोडवेना. तिघींनी मिळून लिहिले व थोरली वाचून दाखवीत आहे. म्हणून 'आम्ही' म्हणतो. त्यात मोठेपणा नाही.

वाकळ म्हणजे काय हे बेळगावात सांगावयास नको. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात, आपली कानडी शेजारीण कौदी म्हणते. खाली जुने लुगडे अंथरावयाचे, वर धोतरे, पटके, चोळ्या, पोरांची झबली यांचे थर द्यावयाचे, वरून दुसरे लुगडे घालावयाचे. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून आधी लांब कच्चे टाके घालावयाचे, मग कडेकडेने धावदोरा घालीत मध्याकडे यावयाचे. टाका जितका जवळ, तितकी वाकळ टिकाऊ. टाके विरळ पडले की पहिल्याच धुण्यात आतले थर गोळा होतात. कापड मात्र जुने सुतीच हवे. नव्या कापडातली खळ सुईला अडते, आणि हल्लीची सिंथेटिक साडी टाक्याखालून निसटते, घामही टिपत नाही. जुने सूत धुऊन धुऊन मऊ झालेले असते. थरांमध्ये हवा कोंडून राहते, म्हणून पावसाळ्यात ऊब मिळते. आपल्याकडचा पाऊस ठाऊक असल्यामुळे हे काम आपण उन्हाळ्यातच उरकतो.

खानापूर व हल्याळकडच्या सिद्दी बायका वाकळीच्या चार कोपऱ्यांना कापडाची फुले लावतात. फुलांवाचून वाकळ उघडी, असे त्या मानतात. ही रीत आम्हांला फार आवडली व आम्ही ती उचलली.

गेल्या वैशाखात आम्ही अशीच एक वाकळ घातली. थर कमी पडला, म्हणून माळ्यावरची जुनी पेटी उघडली. तीत एक तांबडा पटका, दोन धोतरे आणि कवड्या शिवलेली एक झूल निघाली. धाकटीने कात्री हाती घेतली तोच सासूबाई काठी टेकीत आल्या. "कात्री लावू नका गं त्याला. मामंजींचा पटका हाय त्यो. आन् झूल आपल्या चांदीची." चांदी म्हणजे आमच्या घरची शेवटची म्हैस.

आपल्या समाजातील वृद्धांना हे ठाऊक आहे, मुलांसाठी सांगतो. आमचे आजेसासरे पंढरपूरकडून म्हशी हाकीत इकडे आले. पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब, पार खांद्यामागे गेलेली. कोरड्या मुलखातली जात, थोड्या कडब्यावर भागणारी. तिचा मोठा गुण असा, की दारोदार नेली तरी गिऱ्हाइकासमोर पान्हा सोडते. म्हणून आपले गवळी म्हैसच दारात नेत आणि चरवीत धार काढून देत. दुधात पाणी घातल्याचा संशयच उरत नसे. राजर्षी शाहूमहाराजांच्या कारकीर्दीत (१८९४ ते १९२२) कोल्हापूरच्या तालमी गाजल्या, त्या पैलवानांना असेच धारोष्ण दूध लागे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवून, मोरपिसे व कवड्या बांधून त्या गल्लीतून पळविण्याची आपली चाल आजही आहे. ती झूल चांदीने पाडव्याला घातलेली होती.

१९७० साली दुग्धमहापूर योजना सुरू झाली. खेड्यापाड्यांतून संघांची दुधे आली, पुढे पिशव्या आल्या. गावाला ते सोयीचे झाले, हे मान्य केले पाहिजे. पण दारात धार काढणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटले, शहरात गोठ्याला जागा उरली नाही. आमच्या मामंजींनी एकेक म्हैस काढली. चांदी विकली ती धाकट्या दिरांच्या कॉलेजच्या फीसाठी. त्यानंतर ते पाडव्याला गल्लीत गेले नाहीत. घरातच बसत. कारण त्यांनी कोणाला सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

भगिनींनो, येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. त्याच फीवर शिकलेल्या दिरांच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी वडिलांचा व्यवसाय विचारला. 'व्यापार' असे आम्ही उत्तर दिले. गवळी म्हटले तर शेणाचा वास येईल, असे वाटले. मामंजी तेथेच बसलेले होते. त्यांनी मान खाली घातली आणि चहा घेतला. आज ते नाहीत. क्षमा कोणाकडे मागावी?

हे आम्ही त्या दिवशी सासूबाईंपाशी बोललो. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "झूल आत घालू नका. लपवलं तेवढं पुरं झालं. वर लावा, दिसू दे."

पटका आम्ही अखंड आत घातला. झूल मात्र वर, मधोमध लावली. कवड्यांची ओळ अंगाला टोचेल म्हणून ती काढून डब्यात ठेवली आहे. शिवता शिवता सासूबाई म्हशींची नावे सांगत गेल्या. सतरा नावे झाली. आमच्या नातवंडांनी ती वहीत लिहून घेतली. आजवर आमच्या घरात ती कोणालाच ठाऊक नव्हती.

संत गाडगेमहाराज लहानपणी मामाच्या घरी गुरे राखीत. पुढे अंगावर चिंध्यांची गोधडी असे, म्हणून लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. गुराख्याचे काम आणि ठिगळांचे वस्त्र, दोन्ही त्यांनी उघड्यावर वागविले. मग आपण कशाला लाजावे?

आमची मागणी मोठी नाही. उन्हाळ्याचे दोन महिने संस्थेच्या सभागृहात एक दुपार वाकळीसाठी मिळावी. प्रत्येक घराने वडीलधाऱ्यांचे एक जुने वस्त्र आणावे, आणि ते कोणाचे, त्यांचा गोठा कोठे होता, जनावरांची नावे काय, हे सांगावे. शिवणाऱ्या शिवतील, मुली शिकतील, एक जण वहीत लिहील. तयार वाकळी संस्थेच्या वसतिगृहातील मुलांना पांघरावयास द्याव्यात. ब्लँकेट विकतही मिळते, पण त्यात आजोबांचा पटका नसतो. आणि ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत, त्यांनी उन्हाळ्याची वाट न पाहता आजच विचारावे. आम्ही एकदा उशीर केला आहे.

ती वाकळ आज शेजारच्या खोलीत मांडली आहे. हात लावून पाहावी. टाके काही ठिकाणी वाकडे आहेत; ते सासूबाईंचे आहेत, म्हणून उसवले नाहीत.