झाड लावा, पण आधी जागा विचारा
(दहिवली येथील बैठकीत केलेले भाषण)



तुम्ही ओढ्याकाठी रोपं लावायला निघालात, याचा आनंद आहे. पण कुदळ मारायच्या आधी दोन गोष्टी ऐका.

पहिली पाण्याची. इथे दहिवलीला उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहते. ते पाणी भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटतं. डोंगरातल्या वाड्यांचे ओढे मात्र आटतात, अन् बाया हंडा घेऊन झऱ्यावर बसतात. पाऊस काय कमी पडतो? नाही. पडतो तो माती घेऊन धो धो खाली जातो. तो मुरला तर झरा जगतो. म्हणून काठाला उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज लावा. त्यांची मुळं काठ धरतात.

शाळेतही काम आहे. छपराचं पाणी पडतं तिथून चार-पाच पावलं लांब वीतभर खोल, पसरट खळगा करा. चर काढून पाणी त्यात सोडा. आत वाळू-माती मिसळून कर्दळ, वाळा लावा. पाणी एका दिवसात मुरलं पाहिजे, साचलं तर डास होतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. आमच्या वाडीवर एका साली माणसं रोपं घेऊन आली आणि नाचणी-वरीच्या दळीतच खड्डे खणले. आम्ही म्हटलं, झाडच तर आहे, लावू द्या. पुढच्या साली आम्ही राब भाजायला गेलो, तर म्हणाले, ही लागवडीची जागा, इथे पाय ठेवायचा नाही. कुंपण रोपांना घातलं, भाकर आमची अडली.

म्हणून २००६ चा वनहक्क कायदा ध्यानात ठेवा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर त्यांचा हक्क आहे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. आणि कलम ५ प्रमाणे पाणलोट, झरे, ओढे राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. झाडं लावायचा ठरावही ग्रामसभेतच झाला पाहिजे.

तर पोरांनो, आधी वाडीतल्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन शिवार फिरा. दळी कोणाची, झरा कुठे, गुरांची वाट कुठली, ते वहीत उतरवा. दळी सोडून काठ धरा. रोप लावणं एका दिवसाचं काम, पण दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालावं लागतं, गुरांपासून राखावं लागतं. ती पाळी आजच वाटून घ्या.

जिंदाबाद!