काडी, बी आणि वंशाचा दिवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आनुवंशिकतेचा धडा आपण सगळे याच शाळेत शिकलो. त्या धड्याचा आपल्या सातारा-सांगलीशी फार जवळचा संबंध आहे. तोच आज थोडक्यात मांडतो.

सुरुवात तासगावच्या द्राक्षबागेपासून करू. द्राक्ष आपण बी पेरून लावत नाही. काडी लावतो किंवा खुंटावर कलम करतो. त्यामुळे नवी वेल ही जुन्या वेलीची हुबेहूब नक्कल असते. थॉमसन सीडलेस अशीच काडीकाडीने पसरली. पण कधीतरी एखाद्या डोळ्यातल्या पेशीत आपोआप बदल होतो, त्या फुटीला वेगळा घड येतो आणि चाणाक्ष बागायतदार तीच काडी जपतो. थॉमसनमधून तासगाव तालुक्यात ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजला ‘सोनाका’ हे वाण अशाच निवडीतून पुढे आले.

माणूस मात्र काडीवर येत नाही, बीवर येतो. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. जोडीतलं कोणतं पुढे जाणार, हे नाणेफेकीसारखं ठरतं. अशा २३ नाणेफेकींचे प्रकार होतात ८३,८८,६०८. म्हणजे जवळजवळ चौऱ्याऐंशी लक्ष! योगायोगच आहे, पण आकडा लक्षात ठेवायला सोपा. आई-वडील दोघांचे मिळून प्रकार होतात सुमारे ७० लाख कोटी. म्हणून एका घरातली सख्खी भावंडंही एकमेकांसारखी असून वेगळी निघतात.

मुलगा की मुलगी, हे यातल्याच एका जोडीवर ठरतं. आईकडे दोन्ही एक्स, वडिलांकडे एक एक्स आणि एक वाय. आई एक्सच देणार. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांवर अभ्यास करून हे दाखवलं.

हे कळून शंभरहून अधिक वर्षं झाली. तरी २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्हा परिषदेला समारंभ करून अडीचशेहून अधिक मुलींची नावं बदलावी लागली. त्यांची नावं होती ‘नकुसा’, ‘नकुशी’. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा करणारं राज्य आपलंच, १९८८ सालचं. कायदा आला, पण घरातली समजूत तिथेच राहिली.

आणि समजूत तरी कशी? वंश सांगताना म्हणायचं, बी बापाचं, आई फक्त माती. मुलगी झाली की दोष मात्र मातीचा! विज्ञान सांगतं की बी दोघांचंही आहे. आणि याचा अर्थ दोष नवऱ्याचा, असाही नाही. एक्स जाणार की वाय, हे त्याच्याही हातात नसतं. तीन मुली झाल्या म्हणून चौथ्या वेळी मुलाची शक्यता वाढत नाही. दर वेळी नाणं नव्यानेच उडतं.

आता ‘वंशाच्या दिव्या’चा हिशेब पाहू. वाय हे आकाराने लहान गुणसूत्र, त्यावर जनुकंही थोडी. एक्सवर शेकड्यांनी जनुकं. वडिलांचं एक्स मुलाला मिळतच नाही, ते फक्त लेकीला मिळतं. आणि वडिलांकडे ते कुठून आलेलं असतं? त्यांच्या आईकडून. म्हणजे नातवासाठी नवस बोलणाऱ्या आजीचं एक्स गुणसूत्र तिच्या लेकाकडून जातं ते नातीकडेच! शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत ३७ जनुकं असतात. ती फक्त आईकडून येतात आणि पुढे फक्त मुलीच नेतात. जिला सगळे मुलगेच, तिची ही ज्योत पुढच्या पिढीत थांबते.

मित्रहो, आपल्यात आज डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बागायतदार आहेत, सरपंचही आहेत. एकच विनंती करतो. आपल्या भावकीत, शेजारी, ओळखीत दुसरी-तिसरी मुलगी जन्मली आणि सुनेकडे कुणी बोट दाखवलं, तर गप्प बसू नका. नाणेफेकीचा हा हिशेब तिथे सांगा, आणि आजीला तर तिच्या एक्सची गोष्ट आवर्जून सांगा. वेगळा घड आला तर तो जपायचा, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. घरात आलेली मुलगी तर आपल्याच रक्ताची आहे.

गुणसूत्रं आपोआप पुढे जातात, शाळेतलं शिक्षण मात्र सांगूनच पुढे न्यावं लागतं. ते काम आपलं.