मज्जा जागी होईपर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मूल पांढरेफटक दिसू लागते, अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. घरचे म्हणतात, 'रक्त कमी आहे, टॉनिक द्या.' पण तपासणीत लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिन्ही कमी निघाल्या, तर प्रश्न लोहाचा नसतो. रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच ओस पडलेली असू शकते. हा ॲप्लास्टिक ॲनिमिया. हा कर्करोग नव्हे, पण तितकाच गंभीर आजार आहे.

बहुतेक मुलांत शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच मज्जेतल्या मूळ पेशींवर उलटतात. हे कळले कसे? १९७० च्या सुमारास पॅरिसच्या डॉ. जॉर्ज माते यांनी प्रतिकारशक्ती दाबणारे सीरम देऊन रुग्णांना दुसऱ्याची मज्जा दिली. ती रुजली नाही, पण काही रुग्णांची स्वतःची मज्जा जागी झाली!

सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली, तर प्रत्यारोपण हा पहिला पर्याय. पण एक भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक. इतर मुलांना एटीजी हे औषध शिरेतून काही दिवस आणि सायक्लोस्पोरिन अनेक महिने देतात. एटीजी घोड्यापासून बनवतात, तसेच सशापासूनही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीचा गुण ६८ टक्के रुग्णांना आला, सशाच्या एटीजीचा ३७ टक्के. फॅन्कोनी ॲनिमियासारख्या आनुवंशिक आजारात मात्र हा उपचार लागू पडत नाही. म्हणून ती तपासणी आधी हवी.

खरी कसोटी पुढे असते. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर दर काही दिवसांनी रक्त, प्लेटलेट्स चढवाव्या लागतात. धीर सुटून पालक औषध बंद करतात. तसे करू नका. ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता मध्यरात्रीही रुग्णालय गाठा. ॲस्पिरिन देऊ नका, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देऊ देऊ नका.

आणखी एक. वडील हटकून म्हणतात, 'माझेच रक्त घ्या.' माया खरी. पण जवळच्या नातेवाइकांचे रक्त दिल्याने पुढचे प्रत्यारोपण अवघड होऊ शकते. त्यांनी रक्तपेढीत दुसऱ्यासाठी रक्त द्यावे. आपल्या मुलाला अनोळखी दात्याचे रक्त मिळते, तसे कुणा अनोळखी मुलाला त्यांचे मिळेल.