सावदा : एका लहान गावाची भूमी व वस्ती
(ज्युबिली समारंभात दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या प्रसंगी देवळाचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे, आणि ते काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी केलेलेच आहे. मजकडे विषय आला तो भूगोलाचा. आपल्या खानदेशातील एखादे लहानसे गाव घेऊन तेथील भूमी कशी व वस्ती कोणाची, एवढे सांगावे अशी चालकांची आज्ञा झाली. मी सावदा निवडले. नकाशात ठळक अक्षरांनी छापले जावे इतके ते मोठे नाही, आणि खेडे म्हणून सोडून द्यावे इतके लहानही नाही. आपल्यापैकी पुष्कळांची नोकरी, शाळा किंवा दवाखाना अशाच गावांत असतो. म्हणून त्याची ओळख करून घेणे हे आपलेही काम आहे.

भुसावळहून खांडव्याकडे जाणारी आगगाडी तापी ओलांडून उत्तर तीरावर येते व थोड्याच वेळात सावदा स्टेशन लागते. गाव मात्र स्टेशनापासून दूर, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर आहे. ह्याच रस्त्याने पूर्वेस रावेर आणि पश्चिमेस फैजपूर, यावल व चोपडा लागतात. शेजारचे फैजपूर आपणां सर्वांस ठाऊक आहे, कारण खेड्यात भरलेले राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात तेथे झाले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. सावदा पूर्वेकडील जिल्ह्यात गेले, व तोच आजचा जळगाव जिल्हा होय. पश्चिमेकडील जिल्ह्याचा धुळे जिल्हा झाला व त्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा निघाला.

आता भूमी. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी, ह्यांच्यामधील पट्टीत हे गाव वसलेले आहे. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावून ७२४ किलोमीटर वाहते व सुरतेजवळ समुद्रास मिळते. गोदावरी व कृष्णा पूर्वेकडे जातात. तापी नर्मदेप्रमाणे पश्चिमेची वाट धरते. तिने व सातपुड्याच्या ओढ्यानाल्यांनी युगानुयुगे आणून टाकलेला गाळ हीच येथील काळी जमीन. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळू ह्यांचा एक उतरता पट्टा आहे. त्यास भूगर्भशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. पावसाळ्यात सुकी, मोर अशा नद्यांचे पाणी ह्या पट्ट्यात मुरते आणि भूमीच्या पोटातून खालच्या गावांच्या विहिरींस जाऊन मिळते. सुकी नदीचे नावच सांगते की, वर्षातून पुष्कळ दिवस तिच्या पात्रात पाणी दिसत नाही. परंतु दिसत नाही म्हणजे ते नाहीच, असे नव्हे.

ह्या न दिसणाऱ्या पाण्यावरच केळीची बाग उभी आहे. जूनमध्ये लावलेला तो मृगबाग, पावसाळा सरता लावलेला तो कांदेबाग, आणि पहिला घड कापल्यावर त्याच बुंध्याच्या पिलांवर घेतलेला तो पिलबाग. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपाशी जातो व झळांचे वारे सुटतात. त्यांपासून आडोसा म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावतात. येथील केळी रेल्वेने दिल्लीकडे जाते. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु जेथे पूर्वी विहिरीवर मोट चाले, तेथे विजेचे पंप आले, पंपांनंतर खोल बोअर आले, आणि जितके मुरते त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे उपसले गेले. यावल-रावेर भागाची पाण्याची पातळी ह्यामुळेच खोल गेली. तापीचे पुराचे पाणी बझाड्यात मुरविण्याच्या योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश ह्या राज्यांनी मे २०२५ मध्ये करार केला, ह्यावरून प्रश्न किती मोठा आहे हे समजते.

आता वस्ती. लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास. बागाईतदारांत लेवा पाटीदार समाज मोठा. त्यांची लेवा बोली बहिणाबाई चौधरी ह्यांच्या ओव्यांमुळे महाराष्ट्रभर पोहोचली. मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, तापीकाठचे कोळी आहेत. डोंगराच्या बाजूस तडवी व पावरा ह्यांची गावे आहेत. आपण ख्रिस्ती लोक थोडे, इतके थोडे की कोष्टकात आपला रकाना शोधावा लागतो.

खानेसुमारीत सावदा 'नागरी' गणले जाते, कारण तेथे नगरपालिका आहे. जेथे नगरपालिका नाही तेथे नियम असा की, वस्ती निदान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला निदान चारशे माणसे, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी शेकडा पंचाहत्तर शेतीबाहेरच्या धंद्यात असले म्हणजे गावास शहर म्हणावे. सावद्याचे पोट मात्र शेतीवर व शेतमालावरच चालते. कागदावर शहर आणि जगण्यात खेडे, अशी ह्या गावाची स्थिती आहे.

ह्या गावास मोजणीचा एक जुना अनुभवही आहे. १८५२ साली इंग्रज सरकारने जमिनीची नवी मोजणी सुरू केली, तेव्हा दहा ते पंधरा हजार लोक सावद्यास विरोधासाठी जमले. फौजेची तुकडी आली व पुढाऱ्यांस धरले गेले, तेव्हाच तो जमाव पांगला. ते लोक अडाणी होते असे मी म्हणणार नाही. जो मोजतो तो कशासाठी मोजतो, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

हाच प्रश्न शुभवर्तमानातही आहे. कैसर औगुस्ताने नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढला, म्हणून योसेफ व मरिया घर सोडून बेथलेहेमास गेली. गाव लहान, उतारशाळेत जागा नाही. कैसराच्या कारकुनास दोन परगावचे प्रवासी दिसले असतील. त्यांच्याजवळ कोण येत होता, हे त्याच्या वहीत कसे लिहिले जाणार?

बंधुजनहो, केळीच्या कापणीस सातपुड्यातून जी पावरा कुटुंबे लेकरांसह येतात, ती बागेच्या कडेस झोपडी बांधून राहतात. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारी ह्या दिवसांत झाली. त्या दिवसांत जो जेथे सापडला तो बहुधा तेथला लिहिला गेला. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्याच शिवारात असेल. २०२१ ची खानेसुमारी साथीमुळे लांबली आणि पुढचीसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरविण्यात आला. सरकार आपले काम करील. आपले काम निराळे आहे. उत्तम मेंढपाळ नव्याण्णव मोजून थांबत नाही; शंभरावे कोणते, हे त्यास ठाऊक असते.

ज्युबिली हा शब्द जुन्या करारातला आहे. पन्नासाव्या वर्षी जमिनीस विसावा द्यावा, दास मोकळे करावेत व गेलेले वतन परत करावे, अशी देवाची आज्ञा होती. आपण देवळास रंग दिला, घंटा घासली, हे योग्यच झाले. परंतु ज्या भूमीने आपणांस पोसले तिला विसावा नाही व जे तिच्यावर राबतात त्यांस घर नाही, तर आपली ज्युबिली अपुरी राहील.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिली : देवळाच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी ह्या पावसाळ्यापासून आवारातील विहिरीत सोडावे, आणि दरवर्षी उन्हाळ्यात त्या विहिरीची पातळी मोजून देवळाच्या वहीत लिहावी. दुसरी : आपल्या आसपासच्या बागांवर कामास येणाऱ्या कुटुंबांची नावे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, आपल्या तरुणांनी विचारून घ्यावीत, व त्यांच्या मुलांस शाळेत व दवाखान्यात जाण्यास मदत करावी. तिसरी : पुणे-मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांची नावे वहीतून खोडू नयेत, नाताळास त्यांस पत्र जावे.

लहान गावात माणूस नावाने ओळखता येतो, हेच त्याचे मोठेपण. लहानशा बेथलेहेमास ज्याने आपले केले, तो आपल्या ह्या तापीकाठच्या वस्तीवर व तिच्या विहिरींवर कृपादृष्टी ठेवो, हीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.