शेवंतीला काळोख लागतो



आज मी तुमच्याशी शेवंतीविषयी बोलणार आहे. फूल तुम्हां सर्वांच्या ओळखीचे. आपण ते देवाला वाहतो, वेणीत गुंफतो, मांडवाला बांधतो. थंडी पडू लागली की बाजारात पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीचे ढीग लागतात. ही मूळची चीन देशाची. जपानच्या राजघराण्याच्या मुद्रेवरही सोळा पाकळ्यांची शेवंती आहे. आपल्याकडे मात्र ती गरिबाच्या ओट्यावरही सुखाने राहते. फुटक्या डब्यात लावली तरी वाढते.

वाढते, पण पुष्कळदा फुलत नाही. मग तक्रार ऐकू येते, "गुरुजी, झाड कसं हिरवंगार आहे. पाणी घालते, खत घालते. पण फूल म्हणून येत नाही."

अशा वेळी लोक काय करतात? कोणी आणखी खत घालतो. कोणी रोप विकणाऱ्याला नावे ठेवतो. आणि कोणी म्हणतो, झाडाला दृष्ट लागली. यातले शेवटचे सर्वांत वाईट. कारण दृष्ट म्हटली की ती कोणाची, हे शोधावे लागते. आणि शोधायला निघाले की घरातली एखादी दुबळी बाईच हाती लागते.

एका घरची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण असे घर गावोगावी आहे. घरात दोन जावा. दोघींनी एकाच दिवशी, एकाच झाडाची रोपे काढून शेवंती लावली. थोरलीने आपली कुंडी परसात ठेवली, धाकटीने पुढच्या ओट्यावर. माती एक, खत एक, पाणी एकाच विहिरीचे. दिवाळी सरली आणि थोरलीची कुंडी फुलांनी भरून गेली. धाकटीच्या कुंडीत नुसती पाने.

धाकटीच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि तिला मूल नव्हते. सासू चार बायकांत बोलून गेली, "हिच्या हातालाच यश नाही. जसं हिचं, तसंच हिच्या झाडाचं." त्या दिवसापासून धाकटी हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. ओटी भरायला कोणी बोलावले तरी कामाची सबब सांगे.

मंडळी, कुंडीतले एक झाड फुलले नाही, एवढीच ती गोष्ट. पण तेवढ्यावरून एका बाईला चारचौघींत मान वर करणे अवघड झाले. म्हणून झाड का फुलत नाही याचे खरे कारण आपल्याला ठाऊक पाहिजे.

ते कारण त्या ओट्यासमोरच उभे होते. रस्त्यावरचा विजेचा खांब! त्याच पावसाळ्यात त्यावर नवा, लख्ख दिवा बसवला होता. त्याचा उजेड रात्रभर ओट्यावर पडे. परसात मात्र काळोख असे.

तुम्ही म्हणाल, "उजेडाने झाडाचे काय बिघडते? झाडाला तर उजेड हवाच असतो." खरे आहे. दिवसा हवा असतो. शेवंतीला रोज पाच-सहा तास चांगले ऊन पाहिजे. पण रात्री तिला काळोख पाहिजे, आणि तोही सलग. शेवंती रात्र मोजते. तिला डोळे नाहीत. हे काम तिची पाने करतात. रात्र लांबली की पानांना ते कळते. पाने शेंड्याला निरोप धाडतात, "थंडीचे दिवस आले. आता पाने पुरेत, कळ्या धर."

आपल्याकडे जूनच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि रात्र पावणेअकरा तासांची. त्या दिवसांत शेवंती नुसती वाढते. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखी होतात. पुढे रात्र वाढत जाते आणि डिसेंबरात ती जवळजवळ तेरा तासांची होते. रात्र अशी लांबू लागली की शेवंती कळ्या धरते, आणि त्यापुढे साधारण आठ-दहा आठवड्यांनी फुलते. आता सांगा, जिच्या डोक्यावर रात्रभर दिवा जळतो तिला रात्र लांबली हे कसे कळावे? तिच्या लेखी अजून जूनच चालू आहे!

ही गोष्ट माणसाला फार उशिरा उमगली. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक सरकारी शेत होते. तिथे गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोन शास्त्रज्ञ तंबाखूवर काम करीत. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचेच्या घरात ठेवली की मात्र फुले. ऊब, ओल, खत यांतल्या कशानेही कोडे सुटेना. मग त्यांनी भर उन्हाळ्यात कुंड्या दुपार कलताच एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवल्या आणि सकाळी बाहेर काढल्या. रोज असे केले, आणि तंबाखू फुलली! १९२० साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. पुढे १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर या दोघांनी उकिरड्यावर उगवणाऱ्या एका काटेरी बोंडांच्या तणावर प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्यावर थोडी मिनिटे दिवा लावला, तरी ते तण फुलेना. म्हणजे खरे महत्त्व दिवसाचे नसून न मोडलेल्या रात्रीचे आहे, हे सिद्ध झाले.

आज फुलांचा धंदा करणारे याच ज्ञानावर पैसा मिळवतात. शेवंती लवकर हवी असेल तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत तिच्यावर काळे कापड ओढतात. उशिरा हवी असेल तर मध्यरात्री काही तास दिवे लावतात.

आता आपल्या कुंडीकडे येऊ. तुमच्या शेवंतीला रात्री उजेड लागतो की नाही, हे कसे ओळखावे? त्याला यंत्र नको. हे तुमचे वाचनाचे पुस्तक घ्या. रात्री दिवे लागल्यावर कुंडीजवळ जा आणि पुस्तक पानांच्या उंचीवर धरून उघडा. अक्षरे वाचता आली, तर समजा की तो उजेड तुम्हांला पुरतो तसा शेवंतीलाही पुरतो. कुंडी तिथून हलवा. परसात, घराच्या आडोशाला, जिथे रस्त्याचा दिवा पोचत नाही अशा जागी ठेवा. चांदण्याची काळजी नको. त्याने शेवंतीचे काही बिघडत नाही.

दुसरी जागाच नसेल तर? मग तिन्हीसांजेला कुंडीवर मोठे डालगे उपडे घाला आणि वर जाड गोणपाट टाका. सकाळी उन्हे आली की काढा. पण रोज घालायचे, एकही रात्र चुकवायची नाही. कळीला रंग दिसू लागला की हे काम संपले. त्यानंतर दिव्याने काही अडत नाही.

दिवा नसूनही झाड फुलत नसेल तर आणखी चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट ऊन. झाड दिवसभर सावलीत असेल तर काळोख पाळूनही फुले येणार नाहीत.

दुसरी गोष्ट खत. युरिया घालत राहिले की पाने माजतात आणि कळ्या मागे पडतात. लावताना दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू घ्या. सप्टेंबर लागला की युरिया बंद.

तिसरी गोष्ट पाणी. मातीत बोट खुपसून पाहा. वरची माती सुकली असेल तरच पाणी घाला. कुंडीच्या बुडाला भोक हवे. पाणी साचले की मुळे कुजतात.

चौथी गोष्ट खुडणी. रोप लावून महिना झाला की शेंडा खुडावा. त्याने फांद्या फुटतात आणि फुले वाढतात. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा खुडावे. पण ऑगस्ट संपल्यावर शेंड्याला हात लावू नका. त्यानंतर जो शेंडा खुडाल त्याच्याबरोबर कळ्याही जातील.

फुले सरली की दांडे चार बोटे ठेवून छाटा. बुडाशी जमिनीतून नवे फुटवे निघतात. त्यांना काश्या म्हणतात. जून-जुलैत त्या मुळांसकट वेगळ्या करून नव्या मातीत लावा. जुने खोड त्याच मातीत वर्षानुवर्षे ठेवले तर मुळांची गर्दी होते आणि झाड दमते.

एक इशारा मात्र देतो. आज ऐकले म्हणून उद्या सगळ्याच कुंड्या अंधारात नेऊ नका. मोगऱ्याचे दुखणे निराळे. त्याला भरपूर ऊन हवे आणि थंडी सरताना छाटणी हवी. ज्याचे कारण त्याच्यापाशी शोधावे.

त्या जावांचे पुढे काय झाले? धाकटी रात्रीच्या वर्गाला येऊ लागली होती. तिथे तिने हे ऐकले. पुढच्या पावसाळ्यात तिने जावेला विचारून दोन्ही कुंड्यांच्या जागा बदलल्या. धाकटीची परसात, थोरलीची ओट्यावर. मार्गशीर्षात धाकटीची कुंडी पिवळीधमक झाली आणि थोरलीची नुसती हिरवी राहिली. सासू दोन्ही कुंड्यांकडे पाहत राहिली. धाकटीने कोणाला टोमणा मारला नाही. ती एवढेच म्हणाली, "जाऊबाई, तुमचीही कुंडी आत आणू या. अजून रात्री मोठ्या आहेत." आणली. फेब्रुवारीत तीही फुलली.

मूल न होण्याबद्दलही हेच सांगणे आहे. त्याला कारणे असतात. ती कधी बाईत असतात, कधी पुरुषात, कधी दोघांत. नवराबायको दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे आणि तपासून घ्यावे. एकट्या बाईला बोल लावून कारण सापडत नाही, फक्त बाई खचते.

म्हणून मंडळी, यंदा ज्याची शेवंती अडली असेल त्याने घरात कोणाला दोष देण्याआधी एक रात्र पुस्तक घेऊन कुंडीपाशी उभे राहावे. अक्षरे दिसली तर कुंडी उचलावी. माणसाला नाव ठेवायला तोंड लागते; कारण शोधायला डोळे लागतात. ते तुम्हांला आहेत, आणि आता वाचताही येते.